संमतीपत्रावरचा अंगठा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याविषयी चांगलं मत करून घ्यायला नको. माझ्या थोरल्या काकाचा उजवा हात मी मोडला. दाराच्या अडसरानं, कॉलेजच्या कर्जापायी. वाडीत आजही सगळे म्हणतात की तो फणसावरून पडला. दवाखान्याच्या कागदावरही तेच लिहिलंय. साफ खोटं आहे.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्यावरून आत डोंगराला तासभर चाललं की लागते. उतारावर नाचणी आणि वरी, खाली ओढ्याकाठी भाताची चार खाचरं, गोठ्यात म्हशी. बा आणि काका सख्खे भाऊ, घर एक, चुली दोन. काकाला मूलबाळ नाही आणि काकी मी लहान असतानाच गेली, त्यामुळं मी दोन्ही चुलींवर जेवायचे. शाळेच्या वाटेवरचा ओढा पावसात चढला की काका मला खांद्यावर बसवून पलीकडं न्यायचा. एकदा उतरवताना माझा पाय चिखलात पडला म्हणून मी त्याच्या दंडाला चावले होते, रक्त येईपर्यंत. राग माझ्या नाकावर तेव्हापासूनचा. काका दंड चोळत हसला होता. “वाघीन हाय,” म्हणाला होता.

बारावीनंतर मला घाटावरच्या एका कॉलेजात नर्सिंगला नंबर लागला. सरकारी फेरीतून लागला म्हणून फीमधली बरीचशी सवलत मिळणार होती. पण ती सवलत म्हणजे आधी आपण भरायचं, मग अर्ज करायचा, मग कधीतरी सरकार खात्यात टाकणार. हॉस्टेल, खानावळ, पुस्तकं हे तर आपलं आपणच बघायचं. पहिली फी दहा दिवसांत भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि जागा गेली की माझं काय होणार हेही ठरलेलं होतं. आत्यानं मुंबईहून स्थळ आणून ठेवलं होतं, वडापावची गाडी असलेलं, माझ्याहून बारा वर्षांनी मोठं. बा सरळ म्हणाला होता, “नाय जमलं तर दिवाळीनंतर बार उडवून टाकू.” तो वाईट माणूस नव्हे. त्याला दोनच वाटा दिसत होत्या आणि त्यातली एक स्वस्त होती.

म्हणून शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं आणि घरात तीन ताटं आपटल्यावर बा हो म्हणाला.

पहिल्यांदा उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्रात सकाळी सातपासून रांग. आमचा नंबर आला तेव्हा एक टोपीवाला मागून घुसला आणि बाला कोपर मारून पुढं झाला. बा मागं सरला. माझं टाळकं सणकलं. मी त्याची टोपी काढून खिडकीतून बाहेर पावसात भिरकावली. त्यानं माझ्या मुस्काटात मारली, मी त्याच्या नडगीवर लाथ घातली, लोकांनी आम्हाला सोडवलं. आतला पोरगा म्हणाला, “यांचा दाखला आधी काढा बाबा, नायतर इथं खून पडेल.” दाखला त्याच दिवशी मिळाला. परतीच्या गाडीत बा पुटपुटला, “हिला नर्स कोन करनार?” पण त्याला हसू येत होतं.

मग महाडची बँक. पुरानंतर ती वरच्या मजल्यावर नेलेली, जिन्याच्या भिंतीवर चिखलाची रेघ तशीच होती. तिथल्या साहेबानं कागद तपासले. मार्कशीट, प्रवेशाचं पत्र, फीचा तक्ता, उत्पन्नाचा दाखला. सगळं बरोबर होतं. साहेब फाईल बंद करणार, एवढ्यात बानं पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला.

का ठेवला? तर आमच्याकडं सातबारा घेतल्याशिवाय कुठल्याच कचेरीची पायरी कुणी चढत नाही. खतं आणायला सातबारा, रेशनकार्डाला सातबारा, एकानं तर पोरीच्या लग्नाची बोलणी करतानाही नेला होता. तो आमचा चेहरा. साहेबानं न मागता बानं तो दाखवला, अभिमानानं, की आम्ही उघडेनागडे नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. साहेबानं सातबारा उचलला, चष्मा वर केला आणि म्हणाला, “अरे वा, जमीन आहे तर. पण सामाईक दिसते. दुसऱ्या भावाचं संमतीपत्र आणा स्टँपवर, मग बघू.”

बा मान हलवून उठला. मीही उठले. जमीन कशाला हवी, असं विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. जगाला शिव्या घालणारी मी, टेबलापलीकडच्या माणसापुढं नंदीबैल झाले होते.

काका खाचरात तण बेणत होता. बानं बांधावरूनच सांगितलं की सही पाहिजे. काकानं विचारलं, “कशाव?” बा म्हणाला, “जमिनीव. बँकेत.” झालं. काका सातवी शिकलेला, सातबारा त्याला वाचता यायचा. त्यात ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. जमिनीवर कर्ज काढलं की तिथं बोजा चढतो, हे त्याला माहीत होतं. आमच्या उताऱ्यावर तो रकाना आजोबांच्या काळापासून कोरा होता, आणि तो कोरा आहे हीच काकाची आयुष्यभराची कमाई.

“माज्या जित्तेपनी बोजा चडनार नाय,” काका म्हणाला.

“तुज्या पोटाला पोर असती तर चडवला असतास,” बा म्हणाला.

हे बोलायला नको होतं. काकानं बाची गचांडी धरून त्याला खाचरात ओढला. दोघं पन्नाशीचे, पण गुरासारखे भिडले. चिखल, रोपं, शिव्या. काकानं बाचं तोंड चिखलात दाबलं आणि दाबूनच धरलं. बाचे पाय झाडायला लागले. आय धावत आली, हातातलं घमेलं तिनं काकाच्या पाठीत घातलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा घातलं तेव्हा तो सुटला. बा उठला तो कोयता शोधत. तो कोयता मी आधीच ओढ्यात फेकला होता. वर्षभराच्या भाताची रोपं त्या जागी पार चिरडून गेली होती. आय ती उचलून परत लावत बसली, रडत रडत, दोघांच्या सात पिढ्या काढत.

वाडीतल्या जाणत्यांनी मग म्हटलं, घरात कोयते निघायला लागले, आता देवीला विचारा. आमच्याकडं भांडण मिटेना की कौल लावतात. गुरव पाण्यात भिजवलेल्या कळ्या देवीच्या दगडी अंगावर दोन बाजूंना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दुसऱ्या दिवशी सगळे देवळात बसलो. काकाच्या पाठीवर घमेल्याचे वळ, बाचा एक डोळा बंद. गुरव हात जोडून म्हणाला, “माये, ही जमीन बँकेला जाऊ द्यायची का? असंल तर उजवी दे.”

मी ओरडले, “असं कसं विचारता? मला शिकू द्यायचं का, असं विचारा!” आयनं माझ्या तोंडावर हात दाबला. पाऊस कौलांवर बडवत होता. बराच वेळ काही झालं नाही. मग डावी कळी सुटली आणि घरंगळून खाली आली.

काका उठला, पाया पडला आणि निघाला. “देवीनंच सांगितलं,” म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला फक्त त्याची पाठ दिसत होती आणि ती फोडावीशी वाटत होती.

फी भरायला तीन दिवस उरले. मी जेवले नाही. तिसऱ्या प्रहरी काकाच्या पडवीत गेले. तो दगडावर दुसरा कोयता पाजळत बसला होता. मी पाया पडले. खरंच पडले, कपाळ जमिनीला टेकवून. म्हटलं, “काका, सही कर. नोकरी लागली की पयला बोजा उतरवीन. तुजी शप्पत.”

तो वर न बघता म्हणाला, “पोरीची जात. शिकून जानार दुसऱ्याच्या घरात. बोजा मी निस्तरू?”

एवढंच. शिवीही नव्हती ती. आमच्याकडं रोज कुणी ना कुणी म्हणतं. पण मला खांद्यावरून ओढा पार करवणाऱ्या माणसानं ते म्हटलं. दाराशी अडसर उभा होता, सागाचा, मनगटाएवढा जाड. तो माझ्या हातात कधी आला कळलंच नाही. मी डोक्यावर मारत होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज सांगते: हातावर नव्हे, मी डोक्यावरच नेम धरला होता. त्यानं उजवा हात वर केला म्हणून तो हात मोडला. ओलं लाकूड मोडतं तसा आवाज आला. हात मधूनच वाकलेला, आणि काका त्याच्याकडं नवलानं बघत होता. ओरडला नाही. मी दुसऱ्यांदा अडसर उचलला तेव्हा म्हणाला, “बास गो.”

आवाज ऐकून बा आला. त्यानं आधी काकाला बघितलं, मग मला, मग कुंपणातून चिव्याच्या बांबूची ओली काठी उपटली. दोनच दिवसांपूर्वी ज्या भावाला तो कोयत्यानं तोडायला निघाला होता, त्याच भावासाठी त्यानं मला गुरासारखी झोडपली. आय मध्ये पडली, तिलाही दोन बसल्या. माझा ओठ फाटला, पाठीला कपडा चिकटला. काठीची सालपटं निघाली तेव्हा काकाच मध्ये आला, मोडका हात छातीशी धरून. बाला म्हणाला, “पुरं रे. चल, दवाखान्यात जायाचं हाय.”

पावसात तासभर चाललो. पुढं काका, हात टॉवेलात बांधलेला, मग बा, मागं मी. रस्त्यावर टेंपो मिळाला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हात बघितला आणि विचारलं, “कसं झालं?”

“फनसाव चडलो होतो. शेळ्यांना पाला काडायला. घसारलो.”

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मग डॉक्टर माझ्याकडं वळले, “आणि हिला काय झालं?”

“मला धरायला आली. ती पन पडली.”

हवालदारही येऊन गेला. त्यानं बाचा सुजलेला डोळा, माझा ओठ, काकाचा हात असं एकेक बघितलं आणि म्हणाला, “सगळं घरच पडलं का फणसावरून?” काकानं मान डोलावली. त्यानं खरं सांगितलं असतं तर माझ्यावर गुन्हा नोंदला असता. मग कुठलं कॉलेज आणि कुठलं कर्ज! हे मला कळत होतं, आणि त्यालाही कळत होतं.

प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत गेलं. ते झाल्यावर काका बाला म्हणाला, “तो कागद हाय ना खिशात? काड.” महाडहून निघतानाच लिहून घेतलेला संमतीचा स्टँपपेपर बाच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळून चार दिवस तसाच फिरत होता. काकाची सही वाडीत नावाजलेली होती, शेपटीवाली. अंगठा उठवणाऱ्यांची तो चेष्टा करायचा. त्या दिवशी त्यानं तिथल्या सिस्टरकडून शाईचा पॅड मागून घेतला आणि डावा अंगठा उठवला. बोट पायजम्याला पुसलं. मला म्हणाला, “जा आता शिकायला.”

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. पुरी आठ वर्षं.

दुसऱ्या दिवशी महाडला बँकेत गेलो तर तो साहेब रजेवर. त्याच्या जागी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी फाईल चाळली, संमतीपत्रावर थांबल्या आणि म्हणाल्या, “हे कशाला आणलंत? एवढ्या रकमेला जमीन तारण लागत नाही. वडील सहकर्जदार आहेत, तेवढं पुरतं. मंजुरी आजच देते, फी वेळेत जाईल.” असं म्हणून त्यांनी पिन काढली आणि काकाचा अंगठा बाच्या हातात परत दिला.

बा तो कागद धरून बसून राहिला. त्या रजेवरच्या साहेबाचे दात पाडावेत, असं वाटत होतं. बाई बिचाऱ्या समजावून सांगत होत्या: शिकत असेपर्यंत हप्ता नाही, नोकरी लागली की सुरू होईल, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत राहतं, त्यात सरकारची सवलत मिळेल, तिचा अर्ज वेगळा, दरवर्षी उत्पन्नाचा दाखला आणायला विसरू नका. त्यांनी विचारलं, “समजलं का बाबा?” बा म्हणाला, “समजलं. म्हस दूध देत नसली तरी वैरन खातेच.” बाई म्हणाल्या, अगदी तसंच.

जिन्यात त्या चिखलाच्या रेघेखाली बा थांबला. त्यानं संमतीपत्राचे चार तुकडे केले, मग आठ केले. “दादाला सांगायचं नाय,” म्हणाला. “हात फुकट मोडला म्हनून कळलं तर मरंल तो.” मी हो म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगून टाकते.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी हाडं शिकवली. पडणारा माणूस हात टेकतो, त्याचं मनगट मोडतं. डोकं वाचवायला हात आडवा धरला की करंगळीच्या बाजूचं हाड मध्येच मोडतं. ते बघूनच कळतं की मार लागलाय. म्हणजे त्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. मी वर्गातून उठून बाहेर गेले, तास संपेपर्यंत परतले नाही.

सुट्टीला घरी गेले की काका मला सोडून म्हशीशी बोलायचा. “सांग तिला, ताक ठेवलंय.” “सांग तिला, छत्री घिऊन जा म्हनावं.” म्हैस माझ्याकडं बघायची. मला वाटायचं, हाताचा राग आहे आणि तो रास्तच आहे. त्याचा हात वाकडाच जुळला होता, त्याला भाकरी थापायला अडचण व्हायची. मी मनात म्हणायचे, निदान त्याला असं तरी वाटू दे की आपल्या अंगठ्यानं पोरगी शिकली.

नोकरी लागली. पगारातून हप्ते गेले, डबल ड्युट्या केल्या, लग्नाची स्थळं शिव्या देऊन परतवली. यंदा शेवटचा हप्ता गेला. बँकेनं कर्ज फिटल्याचं पत्र दिलं. ते घेऊन मी थेट काकाच्या पडवीत गेले. खोटं गाडीतच जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, “काका, फिटलं बघ कर्ज. आता जमिनीवरचा बोजा उतरवून आणते. तुझ्या अंगठ्यानं झालं सगळं.”

काका उठला. आतून पत्र्याची पेटी ओढून आणली आणि डाव्या हातानं एक प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढं टाकली. आत सातबाऱ्याचे उतारे होते, दर वर्षाचा एक, आठ. प्रत्येकावर ‘इतर हक्क’ हा रकाना कोरा.

“पयल्याच वर्सी गेलो होतो पोलादपुराला,” तो म्हणाला. म्हशीला नव्हे, मला म्हणाला. “किती बोजा चडला ते बगाया. सेतूतल्या पोराला इचारलं, चडला कसा नाय? तो बोलला, शिक्षनाला जमीन लागतच नाय, आजोबा.”

मी आठही उतारे परत चाळले. “मग बोलला का नाहीस?”

“तू सांगशील म्हनून थांबलो.”

“आठ वर्षं?”

“दर वर्सी वाटायचं, या सुट्टीत सांगंल.” त्यानं वाकडा हात गुडघ्यावर ठेवला. “अडसर घालायला नाय भ्यालीस गो. आनि सांगायला भ्यालीस?”

मला तोंड द्यायला अख्खी वाडी बिचकते. त्या दिवशी मीच बिचकले. बँकेचं पत्र खाली ठेवलं आणि म्हटलं, “हो काका. भ्याले.”

“मग सांग आता,” तो म्हणाला आणि उंबऱ्यावर सरकून त्यानं मला बसायला जागा केली. मी बसले. बँकेच्या जिन्यापासून सांगायला सुरुवात केली.